खिळेवाले सर

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, अशी आमच्याकडं रीत आहे. खिळेवाल्या सरांबद्दल मला ते जमणार नाही. एक तर त्यांनाच ते आवडलं नसतं. दुसरं, त्यांच्यावरचा माझा एक राग अजून गेलेला नाही, आणि या वयात तो जाईल असं वाटत नाही. मी चौथीपर्यंत शिकलोय. जसं आठवेल तसं लिहितो.

मुरबाडच्या बाजाराच्या मागच्या अंगाला भाताची एक बंद पडलेली गिरण होती. यंत्राचा पट्टा कधीच कुणी काढून नेला होता, पण भिंतीवर कोंड्याचा थर तसाच होता. त्या गिरणीच्या मागच्या खोलीत सर एकटे राहायचे. कुठल्याशा तांत्रिक शाळेत त्यांनी पोरांना कानस आणि करवत धरायला शिकवलं होतं, असं लोक सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी एकच काम धरलं. बारावी झालेल्या पोरापोरींना इंजिनियरिंगच्या मोठ्या विद्यापीठात अर्ज करायचा असला, की तो अर्ज सर तपासून द्यायचे. ही मोठी विद्यापीठं नुसत्या मार्कांवर घेत नाहीत. परीक्षा असते, ती झाली की स्वतःबद्दल लिहून द्यायचं असतं, स्वतःच्या हातानं काय बनवलंय त्याचा पुरावा लावायचा असतो, आणि मग मुलाखत. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पोरांना परीक्षा जमते. स्वतःबद्दल लिही म्हटलं की हात थांबतो. घरात कुणी कधी स्वतःबद्दल काही लिहिलेलं नसतं. मग मुरबाडची एसटी धरायची आणि गिरणीत जायचं.

फी एकच. दारात पत्र्याचा डबा असायचा, वाकड्या खिळ्यांनी भरलेला. शेजारी दगड आणि हातोडी. नंबर येईस्तोवर जो येईल त्यानं खिळे सरळ करत बसायचं. पोरगं असो, बाप असो, नाहीतर सरपंच. एकदा एका बापानं विचारलं, "सर, बाजारात नवे खिळे ढिगानं मिळतात. हे कशाला?"

सर म्हणाले, "तुमचं पोरगं वाकडं निघालं तर नवं आणणार काय?"

सरळ झालेले खिळे त्यांच्या पँटच्या खिशात जायचे. दोन्ही खिशांना भोकं पडलेली. चालताना एखादा खिळा पायाजवळ पडायचा, मग ते वाकून उचलायचे आणि पुन्हा त्याच खिशात टाकायचे. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची हलवून बघायचे. सरळगावात एका लग्नात तर ते अक्षता टाकायला स्टेजवर चढले आणि स्टेज हललं. सर तिथंच उकिडवे बसले, हातोडी काढली आणि फळी ठोकायला लागले. भटजी मंगलाष्टकं म्हणताहेत आणि खाली ठकठक चाललीय. नवरी मुलगी हसायला लागली तेव्हा तिच्या मामानं सरांना धरून उठवलं. सर म्हणाले, "आता धरील. नवराबायकोचं तुमचं तुमी बघा."

पण सरांची खरी ओळख म्हणजे घंटा. खोलीच्या वाशाला बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा टांगलेली होती. तिला सुतळी बांधलेली, आणि सुतळीचं टोक सरांच्या हाताशी. पोरानं आपलं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्याकडून घेतलेलं वाक्य आलं, खोटं आलं, उगाच गोड आलं, की सर सुतळी ओढायचे. टण. बोलायचे काहीच नाहीत. पोरानं ते वाक्य खोडायचं आणि पुढं वाचायचं. ती घंटा कुठल्या बैलाची, ती तिथं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बाजारात त्याच्या दोन-तीन गोष्टी सांगतात. मला एकही खरी वाटत नाही.

मी नातीला घेऊन तिथं जायचो, तेव्हा आमच्या पुढं एकदा एक ठेकेदार बसला होता. गळ्यात चेन, शेजारी मुलगा. ठेकेदार म्हणाला, "आमच्या चिरंजिवांना लहानपणापासून यंत्रांची ओढ." टण. "घरातला मिक्सर स्वतः उघडतात." टण. मुलगा खाली बघून हळूच म्हणाला, "सर, मिक्सर मी उघडलेला. पण परत लागला नाय."

सर सावरून बसले. "का नाय लागला?"

"एक स्प्रिंग उरली."

"हे लिही. चाललं ते सगळेच सांगतात. अडलं कुठं ते सांग."

ठेकेदार तडकला. म्हणाला, "म्हणजे माझ्या मुलाला मिक्सर जोडता येत नाय, असं विद्यापीठाला कळवायचं?" सरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच्या हातात हातोडी दिली.

आणि ती घंटा दुसऱ्यांसाठीच होती असं नाही. चहावाल्यानं एकदा दारातून विचारलं, "सर, तब्येत कशी?" सर खोकत होते. म्हणाले, "ठणठणीत." मग आपणच सुतळी ओढली. टण. चहावाला हसत गेला. मी तेव्हा खिळे ठोकत होतो. मला हसू आलं नाही. हा माणूस घरात एकटा असतानाही ती वाजवत असेल, असं माझ्या मनात आलं.

मी तिथं पोचलो ते बायकोमुळं. आमची नात कोमल लहानपणापासून आमच्याजवळ वाढली. मुलगा आणि सून भिवंडीला, गोडाऊनच्या कामावर. आमचं गाव शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या कडेला, सहावीपासून पोर एसटीनं शाळेला गेली. परीक्षा चांगली झाली. तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं, पुण्याकडच्या एका मोठ्या विद्यापीठाला अर्ज कर, घेतलं तर सगळा खर्च तेच करतील. माझ्या मनात नव्हतं. पोर कुठं लांब पाठवायची. पण बायको म्हणाली, "आवो, आपण दोघं काय, आज हाय उद्या नाय. पोर काय आपल्या राखणीला बसवायची?" तिचं बोलणं असंच. मी तोंडाळ आहे असं गाव म्हणतं, पण घरात मी तिचंच ऐकायचो.

पहिल्यांदा आम्ही तिघं गेलो. कोमलनं शहापूरच्या कंप्युटरवाल्याकडून लिहून आणलं होतं. ती वाचायला लागली. "मला बालपणापासून विज्ञानाची अथांग जिज्ञासा आहे." टण. "ड्रोनच्या माध्यमातून भारतीय शेतीत क्रांती." टण. टण. इतक्या वेळा वाजली की बाजारातली एक म्हातारी, बैल सुटला की काय म्हणून दारात डोकावून गेली. कोमलनं कागद खाली केला.

बायको दाराशी खिळे ठोकत होती. हात न थांबवता म्हणाली, "सर, त्या बैलाला जरा दम खाऊ द्या. पोर रडंल."

सरांनी सुतळी सोडली. कोमलला विचारलं, "घरात काय बनवलंस? हातानं?"

"काय नाय, सर."

"वाजवा," बायको म्हणाली. "आता वाजवा. आता खोटं बोलली ती. रहाट केलाय की."

सर हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दात कमी होते.

रहाटाचं सांगायला हवं. बायकोची बोटं दोन वर्षं सुजत होती. विहिरीतून बादली ओढताना दोर मधेच हातातून सुटायचा, बादली खाली जायची, आणि दोर तळहात सोलून काढायचा. मी म्हणायचो, पाणी मी काढतो. ती म्हणायची, तुमी काढलंत की निम्मं सांडतं. कोमलनं हे बघून बघून एक रहाट बनवला. दोन खांबांवर आडवा गोल ओंडका, एका बाजूला फिरवायला दांडा, दोर ओंडक्याला गुंडाळत जायचा. दुसऱ्या बाजूला जाड फळीची चकती, तिला कडेनं तिरपे दात कापलेले. त्या दातांवर वरून एक लाकडाचा तुकडा पडायचा. बायको त्याला जीभ म्हणायची. दांडा फिरवला की जीभ टकटक करत दातांवरून जायची. हात सुटला तर जीभ दातात अडकायची आणि बादली जिथल्या तिथं लोंबत राहायची. खाली सोडायची असली की अंगठ्यानं जीभ उचलायची. सगळं लाकडाचं. जुन्या बैलगाडीच्या फळ्या आणि खिळे, बाकी काही नाही. गावात कुणी त्याचं कौतुक केलं नव्हतं. पोरीनं म्हातारीसाठी काहीतरी ठोकलं, एवढंच. म्हणून कोमलला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सर स्वतः एसटीनं आमच्याकडं आले. विहिरीवर पोचले ते घरातसुद्धा न येता. बायको आधीच तिथं होती. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, लग्नाबिग्नाला काढायचं ते. केसाला तेल. कारण कोमल म्हणाली होती, आजी, तू पाणी काढतानाचा व्हिडिओ काढायचाय, तो अर्जाला लावायचा. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली होती. मुलानं भिवंडीहून खास त्याच्यासाठी चांगला फोन पाठवला होता.

सरांनी आधी स्वतः बादली काढली. मग पुन्हा. काढतच राहिले. पावसाचे दिवस, लाकूड ओलं. काही वेळानं जीभ वरच अडकून राहिली, खाली पडलीच नाही. सरांनी हात सोडला होता. बादली सुसाट खाली गेली, दांडा उलटा फिरला आणि सरांच्या कोपराला बसला. माणूस कळवळला. कोमल रडायच्या बेतात. बायकोनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला.

सर कोपर चोळत म्हणाले, "लाकूड फुगतंय. रहाट सगळा काढ, घरात कोरडा होऊ दे. जीभ परत तास. मग शूटिंग."

कोमल म्हणाली, "सर, आज एकदाच चालताना काढू ना. चालतंय की मधेमधे."

"एकदा चाललं तो योगायोग. दहादा चाललं की दाखव. म्हातारीचा हात तुटला असता."

"सर," बायको म्हणाली, "मी काय रोज नटत नाय."

"मग परत नटा."

एवढंच बोलले. मी तिथं उभा होतो. मला वाटलं होतं, एक व्हिडिओ काढला तर काय बिघडतं. पण सरांपुढं कोण बोलणार.

परत घराकडं येताना ती चढावर बसली. धाप लागली होती. पायसुद्धा सुजले होते तेव्हा. सरांनी विचारलं, "बाई, काय होतंय?"

"मला काय धाड भरलीय? काय होत नाय."

सरांकडं घंटा नव्हती. त्यांनी पिशवीतली हातोडी काढली आणि कोमलच्या हातातल्या रिकाम्या बादलीवर मारली. टण. सगळे हसलो. ती सर्वांत जास्त हसली.

नंतर पंधरवडाही गेला नाही. लावणी चालू होती. दुपारी ती बांधावर बसली, म्हणाली जरा पाणी द्या. मी पाणी घेऊन आलो तोवर ती बांधाला टेकलेली होती. जीप मिळेस्तोवर, शहापूरला नेईस्तोवर, सगळं झालं होतं. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

आमच्या वाडीत मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. बोलवावं लागत नाही. माणसं आपापल्या घरातलं एक एक लाकूड खांद्यावर घेऊन मसणवटीकडं चालू लागतात. पण पावसात कुणाकडं कोरडं लाकूड असणार? चूल पेटवायलासुद्धा बाया रडतात. सगळं ओलं आलं. मी दाराशी बसलो होतो. शेजारचा गणपत माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, काळजी नका करू. सुकं लाकूड मिळालंय. चांगलं जुनं सागाचं. काकी नीट जाईल." मी मान हलवली. गणपत कुऱ्हाड घेऊन पडवीकडं गेला. मला कुऱ्हाडीचे आवाज आले. कोमल आत तिच्या डोक्याशी बसलेली. तिला काही ऐकू आलं नाही.

आणि खरंच, एवढ्या पावसात ती नीट गेली. लोक म्हणाले, पुण्याईची बाई, बघा कशी चटकन पेटली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. राखेत माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. खिळा. मग दुसरा. काळे पडलेले, वाकडे. मी ते हातावर घेतले आणि बघत राहिलो. एवढे खिळे चितेत कुठून येणार? मग कुऱ्हाडीचा आवाज आठवला. कोमलनं रहाट काढून पडवीत, जळणाच्या शेजारी, कोरडा व्हायला ठेवला होता. ओंडका, चकती, खांब, सगळं. गणपतला काय माहीत. पावसाळ्यात पडवीत ठेवलेलं कोरडं लाकूड म्हणजे जळण, हे आमच्या गावात लहान पोरसुद्धा सांगेल. त्यानं चांगलंच केलं होतं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, मसणातली वस्तू घरात नेऊ नका." मी खिळे सदऱ्याच्या खिशात टाकले आणि घरी आलो.

कोमलला दाखवावेत की नको, कळेना. पण तिनं माझा काळा झालेला खिसा बघितला. हात पुढं केला. मी खिळे तिच्या हातावर ठेवले. ती पडवीकडं वळून बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे आजोबा. तिचंच होतं." रडली नाही. पण त्याच संध्याकाळी बापाला म्हणाली, "पप्पा, मी अर्ज भरणार नाय."

मुलानं समजूत घालून बघितली. नेटवरून असल्या रहाटाचा फोटो काढू, कंप्युटरवाला लावून देतो म्हणाला, कुणाला कळतंय. कोमल माझ्याकडं वळली. तिनं हवेतच सुतळी ओढल्यासारखा हात केला. मुलाला काही समजलं नाही. मला समजलं.

दहाव्याला सर आले. धोतर नाही, टोपी नाही, तीच भोकाची पँट. ओटीवर नातेवाईक बसले होते. मेव्हणा म्हणाला, "सुटली बिचारी. जास्त हाल नाय झाले."

सर म्हणाले, "सुटली नाय. मेली. तिला जायचं नव्हतं."

मेव्हण्यानं तोंड फिरवलं. मला मात्र दहा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोलल्यासारखं वाटलं. आतापर्यंत जो येईल तो मला सांगत होता की ती सुखात गेली. तुम्हाला काय माहीत, असं विचारावंसं वाटायचं.

सर माझ्याकडं वळले. म्हणाले, "मी त्या दिवशी शूटिंग करू द्यायला पायजे होतं."

मी वाट बघितली, पुढं काही बोलतील म्हणून. बोलले नाहीत. मीसुद्धा "जाऊ द्या" म्हटलं नाही. कसं म्हणणार? मुलानं पाठवलेला फोन त्या दिवसापासून पेटीतच राहिला. आमच्याकडं तिचे फोटो दोन. एक रेशनकार्डासाठीचा, एक मुलाच्या लग्नातला, त्यात ती अर्धी खांबाच्या मागं. तो व्हिडिओ निघाला असता तर ती त्यात चालली असती, बोलली असती, हिरव्या लुगड्यात. हाच माझा राग. तो मी त्यांना कधी बोलून दाखवला नाही, पण त्यांना माहीत होता.

मग ते कोमलजवळ जाऊन बसले. रहाटाचं त्यांच्या कानावर आलं होतं. अर्ज भर, असं म्हणाले नाहीत. विचारलं, "जळायच्या आधी किती दिवस चालला?"

"पाडव्याच्या आधीपासून."

"कुठं अडकला?"

"पावसात. जीभ फुगली. आधी पण एकदा... आजी जीभ उचलायला विसरायची, मग बादली खाली जायची नाय. ती शिव्या द्यायची."

"कुणाला? तुला?"

"रहाटाला. भाड्या म्हणायची."

सर मान डोलवत होते. "परत केलास तर काय बदलशील?"

कोमल सांगायला लागली. जीभ लाकडाची नको, लोखंडाची. तिच्यावर वजन हवं, म्हणजे आपोआप पडेल. जीभ उचलायला अंगठा नको, कारण आजीचा अंगठाच दुखतो. इथं ती थांबली. "दुखायचा," म्हणाली.

"हेच लिही," सर म्हणाले. "एवढंच."

खिळे तिनं त्यांना दाखवले. सरांनी एक घेतला, दोन बोटांत धरून नुसत्या हातानं सरळ केला. म्हणाले, "जळलेला खिळा नरम पडतो. सरळ होतो, पण मारायला गेलात की परत वाकतो. हे आता कशाला धरणार नाहीत." खिळे त्यांनी रुमालात बांधून नेले. कोमलनं मुलाखतीला ते बरोबर नेऊ का विचारलं होतं. सर म्हणाले, "अजिबात नाय. लोकांना रडवून जागा घ्यायची नाय."

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंच मुरबाडला गेलो. दाराशी मी खिळे ठोकत बसलो, बायकोच्या जागेवर. कोमल वाचायला लागली. "मी बनवलेला रहाट आता दाखवता येणार नाही. आजी वारली तेव्हा पाऊस होता आणि कोरडं लाकूड नव्हतं. शेजाऱ्यांनी तो चितेसाठी नेला. त्यांची चूक नाही. रहाटात तीन दोष होते, ते लिहिते." पुढं सगळं जीभ, दात, ओलं लाकूड. मला निम्मं कळलं नाही. सरांचा हात सुतळीवर होता, पण ओढत नव्हते. माझी हातोडी थांबली होती.

शेवटी तिनं वाचलं, "आजीच्या आठवणीसाठी मला इंजिनियर व्हायचं आहे."

टण.

कोमल चिडली. त्यांच्यावर चिडलेलं मी तिला तेव्हाच बघितलं. "हे खोटं नाय, सर."

"आजी मेली म्हणून इंजिनियर होतेस?" सर म्हणाले. "ती जिवंत होती तेव्हा रहाट कशाला केलास?"

"तिची बोटं सुजायची म्हणून."

"मग तेवढं ठेव."

तिनं ते वाक्य खोडलं. खाली लिहिलं, आजीची बोटं सुजायची म्हणून मी रहाट केला. सरांनी सुतळी हातातून सोडली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. आम्ही निघालो तरी वळले नाहीत.

मुलाखतीला मी बरोबर गेलो. गेटबाहेर झाडाखाली बसून राहिलो. पोर बाहेर आली तेव्हा विचारलं, "काय ईचारलं गो?"

"लाकूड पाण्यात किती फुगतं ते."

"मग?"

"माहीत नाय म्हटलं."

"आनि?"

"ते म्हणाले, इथं आलीस तर मोजायला शिकवू."

तिला घेतलं. पत्र आलं त्या दिवशी वाडीत सगळे आनंदले. गणपतनं पेढे वाटले, आपल्या पैशानं. पेढे घेऊन मी मुरबाडला गेलो. सरांनी खाल्ला नाही. म्हणाले, "मी काय केलं?" मी घंटेकडं बघितलं. सर म्हणाले, "वाजवा. तुमचा हक्क आहे." मी वाजवली नाही. राग होता ना मनात. आता वाटतं, वाजवायला हवी होती.

कोमल शिकायला गेली. दिवाळीच्या आधी कळलं, गिरणीची जागा विकली गेली. सर नाशिककडं भाचीकडं जाणार होते. मी भेटायला गेलो तेव्हा खोली रिकामी, आणि खिळ्यांचा डबा दाराबाहेर. सरांनी वाशावरून घंटा सोडली आणि माझ्या हातात दिली. बरोबर तो रुमाल. आत बायकोच्या चितेतले खिळे, सगळे सरळ केलेले.

"घंटा पोरीला द्या की," मी म्हटलं.

"तिला आता नको. तिला आतून वाजते. तुमी एकटे आहात, तुमी ठेवा."

एसटी स्टँडपर्यंत मी त्यांची पिशवी धरली. वाटेत एक खिळा पडला. दोघांनाही वाकायला वेळ लागला. तो मी उचलला आणि त्यांच्या खिशात टाकला. ते शिमग्याच्या सुमाराला वारले. चहावाल्यानं फोन करून सांगितलं, तोवर महिना झाला होता. डब्याचं विचारलं, तर म्हणाला भंगारवाला घेऊन गेला.

विहिरीवर मी आता साध्या दोरानं पाणी काढतो. निम्मं सांडतं. कोमल म्हणते, सुट्टीत येऊन नवा रहाट करते, लोखंडाच्या जिभेचा. खिळे तसेच रुमालात आहेत. त्यातला एकही मी कशात मारला नाही. घंटा सुतळीसकट पडवीच्या खांबाला टांगली आहे, मी बसतो तिथं, हाताच्या अंतरावर.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला.

"आजोबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"भात. आंबाडीची भाजी."

चूल सकाळपासून गार होती. एकट्यासाठी भात टाकायला हात वळत नाही, हे पोरीला काय सांगायचं. तिचा अभ्यास, तिचं तिथं नवं सगळं. मी घंटेकडं बघितलं. मग हात लांब केला आणि सुतळी ओढली.

टण.

तिकडून दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "उठा आजोबा. चूल पेटवा. मी फोन धरून बसते."

मी उठलो.